आजारी माणूस हद्द ओलांडतो, पण त्याचं कार्ड ओलांडतं का? देशादेशांतला आरोग्यसेवांचा व्यापार, सोप्या भाषेत

आपल्या बेळगाव भागात पेशंटला घेऊन राज्याची हद्द ओलांडणं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. निपाणीचा माणूस कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो, चंदगडची मंडळी शिनोळीवरून बेळगावात येतात, गोव्याच्या गाड्या चोर्ला घाट चढून इथल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात, आणि खानापूरकडचे कितीतरी लोक उलटे घाट उतरून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. मिरजेला तर आपले आजे-पणजे पण जायचे, तिथलं वॉन्लेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं आहे. म्हणजे ही सवय नवीन नाहीच.

खरी अडचण हॉस्पिटलच्या दारात नाही, आत काउंटरवर सुरू होते. कार्ड कुठलं? रेशन कार्ड कर्नाटकाचं, हॉस्पिटल महाराष्ट्रातलं, मग स्कीम लागू होणार का? रेफर लेटर आहे का? गोव्याचंच बघा, १ जानेवारी २०१८ पासून तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या पेशंटला फी लागू झाली, त्याआधी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडचे लोक तिथं बिनपैशाचे उपचार घेत होते. गोव्याचं म्हणणं असं की आमच्या लोकांच्या टॅक्सवर हे हॉस्पिटल चालतं, बाहेरच्या गर्दीमुळे आमच्याच माणसाला बेड मिळत नाही. आणि सावंतवाडी-खानापूरच्या माणसाचं म्हणणं असं की मला जवळचं मोठं हॉस्पिटल तेच आहे, मी कुठं जाऊ? दोघंही खोटं बोलत नाहीत.

हा जो गुंता आहे ना, माणूस हद्द ओलांडतो पण त्याचं कार्ड, त्याचा हक्क आणि काही बिघडलं तर विचारायचं कुणाला ही जबाबदारी हद्दीच्या अलीकडंच राहते, हाच गुंता पासपोर्ट आणि व्हिसा लावून जगभर मोठा झालाय, आणि त्यालाच आरोग्यसेवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणतात. माझं वडगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर आहे, नर्सिंग झालेल्या पोरी परदेशाचे कागद घेऊन येतात, मेडिकल कॉलेजला जाणारी पोरं येतात, त्यामुळे हा विषय मी रोज कागदाच्या बाजूनं बघतो, म्हणून नीट लिहून काढावं म्हटलं.

मालाचा व्यापार सगळ्यांना कळतो. निपाणीची तंबाखू, खानापूर-चंदगडचा काजू, पोतं भरलं, गाडीत टाकलं, बंदरावर कस्टम्सवाल्यानं बघितलं, पलीकडं गेलं. पण ऑपरेशन कसं एक्सपोर्ट करणार? नर्सनं रात्रभर जागून केलेली सेवा कुठल्या पोत्यात भरणार? म्हणून १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा सेवांसाठी वेगळा करार लागू झाला, त्याला गॅट्स म्हणतात. त्यात सेवा हद्द कशी ओलांडते याचे चार प्रकार ठरवलेत. एकात पेशंट आणि डॉक्टर दोघं आपापल्या देशात, नुसता रिपोर्ट नाहीतर सल्ला ओलांडतो. दुसऱ्यात पेशंट स्वतः जातो. तिसऱ्यात हॉस्पिटलवाली कंपनी म्हणजे भांडवल जातं. चौथ्यात डॉक्टर, नर्स, टेक्निशियन जातात. करारात हे सगळ्याच सेवांसाठी आहे, बँक, टेलिफोन, कायदा सगळ्यांसाठी, पण आरोग्यात चारही प्रकार एकदम आणि ठळक दिसतात.

पहिला प्रकार आपल्या कर्नाटकात चांगलाच रुजलाय. अमेरिकेत रात्री दोन वाजता अॅक्सिडेंटचा पेशंट आला, सीटी स्कॅन काढला, पण रात्रपाळीला रेडिऑलॉजिस्ट मिळत नाही, आणि तेव्हा बेंगलोरमध्ये भर दुपार असते. मग स्कॅन इंटरनेटवरून इकडं, वाचून रिपोर्ट तिकडं. टेलिरेडिऑलॉजी सोल्युशन्स ही बेंगलोरची कंपनी २००२ पासून हे काम करतेय. आता यात कुणाला वाटेल की मग काय, कुठलाही डॉक्टर कुठूनही रिपोर्ट देऊ शकतो, तर तसं नाही. तिकडच्या पेशंटच्या रिपोर्टवर सही करायची तर तिकडच्या त्या त्या राज्याचं लायसन्स लागतं, नुसत्या भारतातल्या एमडीवर भागत नाही. म्हणजे फाइल सेकंदात पोचते, पण लायसन्सला वर्षं लागतात.

उलट बाजू पण बघा. आपल्याकडं व्हिडिओवर डॉक्टरांनी सल्ला कसा द्यायचा याची नियमावली २५ मार्च २०२० ला आली, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, आणि त्यात स्पष्ट आहे की भारताच्या हद्दीबाहेरचा सल्ला या नियमांत धरलेला नाही. आता समजा ओमानचा माणूस बेंगलोरला येऊन हार्टचं ऑपरेशन करून घरी गेला, तीन आठवड्यांनी पायाला सूज आली, त्यानं इथल्या सर्जनला व्हिडिओ कॉल केला, सर्जननं गोळी बदलायला सांगितली आणि ती नडली, तर कुठल्या देशाचा कायदा? याचं सरळ उत्तर कुणाकडं नाही. रोज असे कॉल होत असतील, चांगल्या मनानंच होत असतील, पण कागदावर त्यांना घर नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पेशंटचं स्वतः येणं-जाणं, आणि पेपरात याचंच जास्त येतं. भारतात बाहेरून सगळ्यात जास्त पेशंट बांगलादेशातून यायचे, कोलकाता, चेन्नई, वेल्लोर ही त्यांची ठरलेली ठिकाणं. शिवाय इराक, ओमान, मालदीव, येमेन, आफ्रिकेतले देश. का येतात हे सांगायला नको, तिकडं ते ऑपरेशन होतच नाही, नाहीतर होतं पण खर्च झेपत नाही, नाहीतर नंबर लागायला महिनोनमहिने लागतात. भारत सरकार यासाठी वेगळा मेडिकल व्हिसा देतं, बरोबर दोन माणसांना अटेंडंट व्हिसा मिळतो, ऑनलाइन मिळणारा ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा असतो आणि त्यात तीनदा ये-जा करता येते. २०२३ मध्ये आयुर्वेद-योगासारख्या उपचारांसाठी आयुष व्हिसा पण वेगळा केला.

इथवर सगळं छान वाटतं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातलं सरकार गेलं, संबंध ताणले, आणि भारतानं व्हिसा देणं एकदम कमी केलं. कोलकात्याची जी हॉस्पिटलं, लॉज आणि मेडिकल दुकानं या पेशंटवर चालायची ती ओस पडली. २०२५ मध्ये बांगलादेशी पेशंटची पहिली तुकडी चीनमध्ये कुनमिंगला उपचाराला गेली. कोलकात्याच्या धंद्याचं मला वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते ज्याची केमोथेरपी अर्धी झाली होती त्याचं. त्याची फाइल इथं, डॉक्टर इथं, आणि व्हिसा नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या कुठंही मिळतात हो, पण कॅन्सरचा उपचार मध्येच दुसऱ्या देशात उचलून नेणं म्हणजे पुन्हा तपासण्या, पुन्हा खर्च, आणि हातातला वेळ गेला तो गेलाच.

आपण हे लहान प्रमाणात भोगलंय. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कर्नाटकानं केरळची हद्द बंद केली, कासारगोडचे पेशंट मंगळूरला यायचे ते तलपाडीला अडकले, १ एप्रिलला केरळ हायकोर्टाला आदेश द्यावा लागला की पेशंटसाठी रस्ता मोकळा करा, आणि मामला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून गाडी आत सोडत नव्हते हे निपाणीकरांना सांगायची गरज नाही. एकाच देशातल्या दोन राज्यांत असं होतं, तर दोन देशांत काय होईल याचा अंदाज करा. ज्याला पुन्हापुन्हा डायलिसिसला नाहीतर केमोला जायचंय त्यानं हद्दीपलीकडच्या हॉस्पिटलवर विसंबावं का, हा प्रश्न म्हणूनच नुसता रेटचा नाही.

आणि उपचार चुकला तर? भारतात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९५ चा आहे, परदेशी पेशंटलाही ते दार उघडं आहे. पण तारखांना कोण येणार? ढाक्याहून नाहीतर बगदादहून प्रत्येक तारखेला व्हिसा काढून? म्हणजे हक्क आहे पण वापरता येत नाही, आणि आपल्याकडं पैसे देऊन येणाऱ्या पेशंटला हे कुणी आधी समजावून सांगत असेल असं मला वाटत नाही. अवयवांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे आणि ते बरंच आहे. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, किडनी देणारा भारतीय आणि घेणारा परदेशी असेल तर जवळचं नातं असल्याशिवाय परवानगीच देत नाहीत. गरीब माणसाच्या शरीराचा भाव परदेशी चलनात ठरू नये म्हणून ही भिंत आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

आता बिलाकडं येऊ, कारण सगळं तिथंच अडतं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांना मेडिकेअर म्हणून सरकारी इन्शुरन्स असतो, तो जवळपास सगळ्या बाबतीत देशाबाहेरच्या उपचाराचे पैसे देत नाही. म्हणून तिकडचा म्हातारा माणूस गुडघा बदलायला भारतात आला तर पैसे स्वतःच्या खिशातून, इथं कितीही स्वस्त असलं तरी. युरोपनं वेगळं केलं. युरोपियन युनियनचा २०११ चा एक निर्देश आहे, त्याप्रमाणे तिथल्या एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात जाऊन उपचार घेऊ शकतो आणि त्याच्या घरच्या यंत्रणेनं तोच उपचार घरी केला असता तर जेवढे पैसे दिले असते तेवढे त्याला परत मिळतात, हॉस्पिटलात रात्र काढायची असेल तर देश आधी परवानगी घ्यायला लावू शकतो. आधी स्वतः भरायचे, मग मागायचे, हा त्यातला तोटा, गरिबाला ते जमत नाही. पण तत्त्व लक्षात घ्या, कार्ड माणसाबरोबर हद्द ओलांडतं.

आपल्या भागात याच तत्त्वावरून २०२३ मध्ये केवढा गदारोळ झाला. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी लोकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली की दुसऱ्या राज्याची योजना आमच्या हद्दीत कशी. सीमाप्रश्नाची बाजू क्षणभर बाजूला ठेवा, माझी त्यावर मतं आहेत पण तो आजचा विषय नाही. नुसतं बिलाच्या अंगानं बघितलं तरी प्रश्न हाच दिसतो, की पेशंटच्या उपचाराचे पैसे तो राहतो ते सरकार देणार, की जिथं उपचार होतो ते, की ज्याला तो आपला वाटतो ते? कर्नाटकाच्या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे पण इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफर लेटर लागतं, आणि ते घ्यायला खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाचा अख्खा दिवस जातो. देशांच्या करारात पण नेमकं हेच, टेबलावर मोठमोठं बोललं जातं आणि पेशंट लेटरच्या रांगेत उभा असतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात, कारण हे आपल्याला दिसत नाही पण आपल्या बिलात असतं. भारतात हॉस्पिटल काढायला परदेशी कंपनीला २००० सालापासून १०० टक्के भांडवल आणायची मुभा आहे. २०१८ मध्ये मलेशियाच्या आयएचएच कंपनीनं फोर्टिसमध्ये ३१ टक्के हिस्सा घेतला, २०२३ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकनं मणिपाल हॉस्पिटल्समध्ये आपला हिस्सा ५९ टक्क्यांवर नेला. उलटं पण होतं, बेंगलोरच्या डॉ. देवी शेट्टींनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या दाराशी केमन बेटांवर हॉस्पिटल काढलं. आणि कोल्हापूरचं अॅस्टर आधार, जिथं आपल्याकडचे बरेच लोक जातात, ते ज्या ग्रुपचं आहे त्याची सुरुवात केरळच्या एका डॉक्टरनं १९८७ मध्ये दुबईत काढलेल्या छोट्या क्लिनिकपासून झाली. परदेशी पैसा आला म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, मशिनं येतात, आयसीयू वाढतात. पण तो पैसा जिथं कमाई आहे तिथंच जातो, शहरात, हार्ट आणि कॅन्सर आणि गुडघे, रामदुर्गच्या बाळंतपणाच्या वॉर्डात कुणी परदेशातून पैसे आणून टाकत नाही.

इथं एक गैरसमज काढायला पाहिजे. बऱ्याच जणांना वाटतं की जागतिक व्यापार संघटनेनं सही घेऊन आपली सरकारी हॉस्पिटलं खाजगी करायला लावली. तसं नाही. गॅट्समध्ये प्रत्येक देश आपली यादी देतो, कुठल्या सेवेत आणि किती दार उघडणार, जे यादीत लिहिलं तेवढ्याच प्रवेशाला बांधील. शिवाय जी सेवा सरकार पैसे कमवायला चालवत नाही आणि कुणाशी स्पर्धा करत नाही ती करारातून बाहेर आहे. भारतानं हॉस्पिटलांसाठी लिहून दिलेली मर्यादा ५१ टक्के परदेशी भागीदारीची आहे, आणि प्रत्यक्षात देशात परवानगी १०० टक्के. म्हणजे उद्या सरकारला वाटलं की फार झालं, आवर घालू, तर ५१ पर्यंत मागं येताना या करारात कुणी अडवू शकत नाही, त्याच्या खाली गेलो तर भरपाईचा प्रश्न येतो. एकदा लिहून दिलेलं मागं घेणं फार जड जातं म्हणूनच जगातल्या बहुतेक देशांनी आरोग्यात हात राखून लिहिलंय. तेव्हा आपल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर नसेल तर त्याचं खापर जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेवर फोडता येत नाही, ते बेंगलोर आणि दिल्लीलाच विचारायचं.

आता चौथा प्रकार, माणसांचा, आणि माझा जीव याच्यात जास्त आहे.

मागं एक पोरगी आली होती, बीएससी नर्सिंग झालेली, बेळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला काम करणारी, सौदीला जायचं म्हणून. तिचे कागद टेबलावर मांडले. एसएसएलसी मार्क्स कार्डवर नावाच्या पुढं वडिलांचं आणि आडनावाचं नुसतं इनिशियल. नर्सिंगच्या डिग्रीवर पूर्ण नाव. पासपोर्टवर आडनाव आधी आणि त्यात एक अक्षर जास्त. कर्नाटक नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर चौथाच प्रकार. आपल्याकडं नाव लिहायच्या या दोन पद्धती, मराठी घरातली आणि कन्नड शाळेतली, एकाच पोरीच्या फाइलमध्ये एकत्र येतात. आता आखाती देशांत लायसन्स देण्याआधी डेटाफ्लो नावाची तपासणी असते, ते तुमचा कागद तुमच्याकडून घेऊन थेट कॉलेजला, विद्यापीठाला, काउन्सिलला विचारतात की हा खरा का. नाव जुळलं नाही की फाइल बाजूला. मग अॅफिडेव्हिट, गॅझेट, काउन्सिलच्या बेंगलोरच्या ऑफिसात खेपा, कामावरचा अनुभव दाखला बदलून घ्यायचा तर एचआरवाले आज-उद्या करणार. त्यानंतर प्रोमेट्रिकची कॉम्प्युटरवरची परीक्षा. ब्रिटनला जायचं तर इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, अमेरिकेला नर्सिंगची एनक्लेक्स परीक्षा, जर्मनीला बी-वन, बी-टू या पातळीपर्यंत जर्मन भाषा. हे सगळं ती ड्यूटी करून, रात्रपाळी संपवून सकाळी दहाला माझ्याकडं येऊन करत होती. शिक्षण तेच, हात तेच, पेशंटची नस शोधण्याचं कौशल्य तेच, पण प्रत्येक देशात ते नव्यानं सिद्ध करायचं. जगात पैसा एका क्लिकवर फिरतो आणि नर्सला एका अक्षरासाठी महिने लागतात, हा माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

बरं, गरज तर जगाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०३० पर्यंत जगात सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील. श्रीमंत देशांत म्हातारे वाढलेत, त्यांची सेवा करायला तिथं माणसं नाहीत. फिलिपिन्स आणि आपलं केरळ वर्षानुवर्षं नर्सेस पाठवतंय, केरळ सरकारची नोर्का नावाची स्वतःची यंत्रणा आहे जी सरकारी पातळीवर भरती करून देते. आपल्या भागातल्या पोरींना तेवढा आधार नाही, त्या एजंटवर अवलंबून.

पण एक पोरगी गेली की इथं काय होतं हे पण बोलायला हवं. एक मावशी मला म्हणाल्या, "ती तिकडं चांगलं कमवूलाली, घर बांधलं तिनं, पण हितं आमच्या सरकारी दवाखान्यात रात्रीला नर्स नाही बघा." दोन्ही वाक्यं एका दमात, आणि दोन्ही खरी. तिला शिकवायला इथल्या समाजाचा पैसा लागला, ती शिकली ते इथल्या पेशंटवर, आणि फायदा मिळाला दुसऱ्या देशाला, त्यांनी शिक्षणाचा एक पैसा भरला नाही. म्हणून मे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं परदेशी भरतीची एक आचारसंहिता मंजूर केली, की जिथं आधीच माणसं कमी आहेत तिथून ओढून नेऊ नका, नेलंत तर त्या देशाला शिक्षणात मदत करा, आणि आलेल्यांना तुमच्या माणसांइतकाच पगार द्या. चांगली आहे, पण सक्तीची नाही. आणि मी त्या पोरीला कधीच थांब म्हणणार नाही. इथं खाजगीत आयसीयूची नर्स काय पगारावर राबते हे मला माहीत आहे, तिला देशाचं कर्तव्य सांगणाऱ्यांनी आधी तो पगार विचारावा.

थायलंडचं उदाहरण इथं फार शिकण्यासारखं आहे. १९९७ मध्ये तिकडं मोठं आर्थिक संकट आलं, बँकॉकच्या बड्या खाजगी हॉस्पिटलांत स्थानिक पेशंट कमी झाले, मग बुमरुनग्राडसारख्या हॉस्पिटलांनी परदेशी पेशंटकडं मोर्चा वळवला आणि त्यात ते जगात पुढं गेले. त्याचा परिणाम म्हणून गावाकडचे सरकारी डॉक्टर शहरातल्या खाजगी हॉस्पिटलकडं खेचले जाण्याची भीती तिथं पण निर्माण झाली. फरक हा की त्याच काळात, २००२ मध्ये, थायलंडनं सगळ्या लोकांसाठी ३० बाथमध्ये उपचाराची योजना आणली आणि सरकारी यंत्रणेत पैसा घातला. परदेशी पेशंटकडून कमवायचं असेल तर घरच्या पेशंटचा दवाखाना आधी भक्कम करायला लागतो. आपण पहिलं जोरात करतोय, दुसरं तालुक्यात जाऊन बघा.

आपल्या बेळगावचंच एक उदाहरण बऱ्याच जणांना माहीत नसतं. मलेशियाच्या युनिव्हर्सिटी सेन्स मलेशियाचा एमडीचा कोर्स (आपल्या एमबीबीएससारखा) केएलई या शिक्षणसंस्थेबरोबर बेळगावात चालतो, २०१० पासून. मलेशियाची पोरं-पोरी इथं राहून डॉक्टर होतात, डिग्री त्यांच्या विद्यापीठाची. नेहरू नगरकडं डोक्याला स्कार्फ बांधलेल्या पोरी एप्रन घालून जाताना दिसतात त्या याच. त्या शिकतात ते आपल्या पेशंटवर, आपल्या वॉर्डात, कन्नड-मराठीचे चार शब्द शिकून. हा पण सेवांचा व्यापारच, शिक्षणाचा. शहराला त्यातून भाडं मिळतं, रिक्षा चालतात, खानावळी चालतात. आणि त्याच वेळी आपली पोरं एमबीबीएसला रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला जातात, परत येऊन परदेशी डिग्रीवाल्यांची जी परीक्षा २००२ पासून आहे ती देत बसतात. एका रस्त्यानं पोरं येतात, दुसऱ्यानं जातात, आणि दोन्हीकडं प्रश्न तोच, ही डिग्री कुठल्या देशात चालणार.

हद्द ओलांडून चांगलं काय येऊ शकतं हेही सांगतो, नाहीतर नुसती तक्रार वाटेल. बाळंतपणानंतर रक्तस्रावानं बायका दगावायच्या, खेड्यात इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायची सोय नसायची. बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत एक अभ्यास केला. १६२० बायका होत्या. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी, जिला फ्रीज लागत नाही, एएनएम सिस्टरांनी बाळंतपणानंतर लगेच द्यायची, अर्ध्या बायकांना ती आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गरीब देशांत त्याचा आधार घेतला गेला. पैसा बाहेरून आला, ज्ञान दोन्हीकडून, काम आपल्या एएनएम सिस्टरांचं, आणि फायदा इथल्याही बायकांना मिळाला. मला व्यापार असा हवा, ज्यात इथं काहीतरी उरतं.

आता ज्यांच्या घरातली पोरगी जायच्या तयारीत आहे त्यांच्यासाठी कामाचं. आखाती देश धरून १८ देश असे आहेत जिथं नर्स म्हणून जायचं तर २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची सरकारी परवानगी, सक्तीचा आहे, आणि तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होतो. हे आलं कारण कुवेतच्या भरतीत एकेका नर्सकडून वीस-वीस लाख उकळल्याची प्रकरणं बाहेर आली होती. एजंटचं लायसन्स आहे का ते त्याच पोर्टलवर बघता येतं, दुकानाच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका. कायद्यानं एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४०० रुपये, रीतसर पावती देऊन. त्याच्या वर मागतोय आणि रोख मागतोय तर उठून यायचं. कॉन्ट्रॅक्ट इथं असतानाच हातात पाहिजे, पगार, ड्यूटीचे तास आणि सुट्टी लिहिलेलं. आणि व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर बदलून देतो असं कुणी म्हणालं तर विषय तिथंच संपवायचा, कारण व्हिजिट व्हिसावर गेलेल्या पोरीची कामगार म्हणून इकडं नोंद नाही आणि तिकडंही नाही, पगार अडकला किंवा पासपोर्ट काढून घेतला तर एम्बसीत जाऊन दाखवायला तिच्या हातात एक कागद नसतो.